सणाचे उष्टे आणि राखणीचा कुत्रा

बैलास पोळ्याचा मान मिळतो, गाईस वसुबारसेचा. शेतावरील कुत्र्याच्या वाट्यास मात्र सणाच्या दिवशी येते ते ताटातील उरलेसुरले. द्राक्षबागेत, खळ्यावर, मेंढरांच्या वाड्यात अथवा बेदाण्याच्या शेडवर रात्रीची झोप ज्याच्या भरवशावर घेता येते तो हाच प्राणी होय. आणि त्यास सणाचा घास घालणे हे आपल्या घरच्या रीतीस धरूनच आहे. पितृपक्षात गाय व कावळा यांच्याबरोबर श्वानाचाही बळी वेगळा काढतात. यास्तव कुत्र्यास अन्न देऊ नये असे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा मुळीच हेतू नाही. परंतु सणाचे उष्टे हे नेहमीच्या दिवशीच्या उष्ट्याहून निराळे असते, व त्यातील काही पदार्थ माणसास पौष्टिक असूनही कुत्र्यास घातक ठरतात, ही गोष्ट आपल्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या व विशेषतः घरातील भगिनींच्या कानी जाणे जरूर आहे. कारण कुत्र्याचे ताट बहुधा त्यांच्याच हातून भरले जाते.

“आमचा कुत्रा जन्मभर उष्ट्यावरच वाढला, त्यास काय होणार?” असे उत्तर या बाबतीत हटकून मिळते, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या अन्नावर पोसला गेला आहे. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी लांडगा व कुत्रा यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना प्रसिद्ध केली. तीत असे दिसून आले की, पिष्ट पचविणारा स्राव उत्पन्न करणाऱ्या जनुकाच्या लांडग्याच्या ठिकाणी दोनच प्रती असतात, तर कुत्र्याच्या ठिकाणी त्या कितीतरी अधिक आढळतात. म्हणजे भाकरी व भात यांवर गुजराण करण्याची शक्ती त्याने आपल्या सहवासातच मिळविली. तथापि पिष्ट पचविणे निराळे, आणि द्राक्ष, चिंच व कांदा यांतील द्रव्यांचा शरीरात निकाल लावणे निराळे. शिवाय आजोबांच्या काळी कुत्र्यापुढे पडे ते ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, ताक व भाताची खरवड. आज सणास खिरीत बेदाणा मुठीने पडतो, मटणाचा रस्सा पातेल्याने उरतो, आणि दिवाळीस शहरातून चॉकलेटच्या वड्या येतात. जुना अनुभव नव्या ताटास लागू करणे बरोबर नाही.

या विषयातील सर्वांत फसवी बाब म्हणजे अन्न व आजार यांमध्ये पडणारे अंतर होय. कल्पना करा की, होळीच्या दिवशी बागेवरील कुत्र्यास येळवणीच्या आमटीत पोळी कुस्करून घातली. दुसऱ्या दिवशी धुळवडीचा रस्सा व हाडे त्याच्यापुढे पडली, आणि त्याच सायंकाळी शेडखाली सांडलेला बेदाणा त्याने पोटभर खाल्ला. त्या रात्री तो एकदा-दोनदा ओकला, परंतु कुत्रे ओकतेच म्हणून कोणी लक्ष दिले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने भाकरीस तोंड लाविले नाही; चौथ्या दिवशी तो झाडाखालून उठेना; पाचव्या-सहाव्या दिवशी मेला. तोवर सणाची भांडी घासून फळीवर गेलेली असतात व त्या दिवशी काय घातले होते याची आठवण कोणास उरत नाही. मग कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो पान लागले, आणि बांधावरून अगोदरच धुसफूस असेल तर शेजाऱ्याने विष घातले असा ग्रह होऊन बसतो. कुत्रा तर जातोच, पण त्याच्यापायी दोन घरांचे बोलणेही तुटते. म्हणून कोणता पदार्थ किती काळाने आपले रूप दाखवितो हे नीट समजून घेणे, हाच या प्रकरणातील मुख्य भाग आहे.

प्रथम द्राक्ष व बेदाणा घेऊ, कारण नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील बागाईतदारांच्या दारात हा माल नुसता ताटात नसून पायाखाली असतो. द्राक्ष व बेदाणा खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, ही गोष्ट पशुवैद्यांच्या ध्यानी येऊन फार दिवस झाले नाहीत. अमेरिकेत प्राण्यांच्या छळाचा प्रतिबंध करणारी एक जुनी संस्था आहे; तिच्या विषनिवारण केंद्राकडे असे काही रोगी नोंदले गेले, व २००१ साली ती हकीकत तेथील पशुवैद्यकीय संघाच्या नियतकालिकात आली. द्राक्षातील नेमके कोणते द्रव्य हा घात करते याचा उलगडा मात्र पुढे वीस वर्षे झाला नाही. बुरशी, फवारणीचे औषध, जड धातू अशा सर्वांवर संशय घेऊन झाला. अखेर धागा मिळाला तो भलत्याच ठिकाणी. मुलांच्या खेळासाठी घरी मळलेला पिठाचा गोळा एका कुत्र्याने खाल्ला व त्याची मूत्रपिंडे द्राक्षाच्या रोग्याप्रमाणेच बिघडली. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर नावाचे चूर्ण होते. हे चूर्ण म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. आणि द्राक्षातील मुख्य आम्लही तेच. तेव्हा २०२१ साली या केंद्रातील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्ल हेच मूळ कारण असावे असे मत मांडिले, व आज तेच सर्वांत ग्राह्य धरले जाते. मूत्रपिंडाच्या पेशींतून असली आम्ले बाहेर टाकणारी जी वाहकांची योजना माणसात आहे ती कुत्र्यात उणी असल्यामुळे आम्ल त्या पेशींत साचून त्यांचा नाश करते, असे अनुमान आहे.

यावरून आपल्या प्रांतास लागू पडणारी आणखी एक गोष्ट निघते. टार्टारिक आम्ल द्राक्षाहून कितीतरी अधिक प्रमाणात ज्या फळात आहे ते म्हणजे आपली चिंच. द्राक्षात ते शेकडा एकाच्या आसपास असते. पिकलेल्या चिंचेच्या गरात शेकडा आठ ते अठरापर्यंत. चिंच खाऊन मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्यांची नोंदही त्याच पशुवैद्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केली. आता आमटीत चिंच किती पडते? घरच्या पातेल्यात लिंबाएवढा गोळा. त्यातून वाटीभर आमटी कुत्र्याच्या भाकरीवर पडली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु पंचवीस माणसांच्या पंगतीची उरलेली आमटी बादलीने कुत्र्यापुढे ओतणे, अथवा चिंच फोडण्याच्या दिवसांत गूळ-मीठ लावलेले गोळे उघड्यावर ठेवून घराबाहेर जाणे, हे निराळे होय. होळीचा सण, द्राक्षाची तोडणी, बेदाण्याचा हंगाम व चिंच फोडण्याचे काम हे सर्व आपल्याकडे फाल्गुनाच्या आगेमागे एकत्र येते, हे ध्यानात असावे.

घातक प्रमाण काय, हा प्रश्न साहजिक आहे. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोस सुमारे २० ग्रॅम द्राक्षे किंवा ३ ग्रॅम बेदाणे एवढ्यानेही मूत्रपिंडांस अपाय झाल्याची उदाहरणे आहेत. गावठी कुत्रा वीस किलोंचा धरिल्यास सुमारे ६० ग्रॅम बेदाणा, म्हणजे मोठ्या माणसाच्या दोन मुठी. एखादा कुत्रा यापेक्षा अधिक खाऊनही तगतो, कारण फळाची जात व पक्वता यांप्रमाणे आम्लाचे प्रमाण कमीजास्त होते. पण हीच गोष्ट धोक्याची आहे. मागील वर्षी बेदाणा पचला म्हणून यंदाचाही पचेल असा भरवसा धरता येत नाही. पहिली वांती बहुधा चोवीस तासांच्या आत होते व पुष्कळदा तीत फुगलेले बेदाणे ओळखू येतात. नंतर कुत्रा मलूल होतो, पोटास हात लावू देत नाही. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बिघडू लागतात. प्रथम पाणी फार पितो, पुढे लघवी कमी होत जाते, आणि ती अगदीच बंद पडली म्हणजे वाचण्याची आशा थोडी. शेडवर बेदाणा झाडून काढतेवेळी जो जाळीखाली पडतो, व प्रतवारीत जो हलका माल बाजूस निघतो, तो त्याच दिवशी भरून दूर करावा. कुत्रा शेडच्या खांबास बांधण्याऐवजी वाटेच्या तोंडाशी बांधल्यास राखणही अधिक चांगली होते.

दुसरा पदार्थ कांदा, व त्याहून तीव्र असा लसूण. यांचे ज्ञान मात्र जुने आहे. १९३० सालीच अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातील सेब्रेल या संशोधकाने कुत्र्यांस कांदा चारून त्यांच्या ठिकाणी रक्तक्षय उत्पन्न झाल्याचे दाखविले होते. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या रक्तपेशींतील रक्तद्रव्यावर प्राणवायूप्रमाणे क्रिया करून त्याच्या गुठळ्या पाडितात. अशा पेशी ठिसूळ होऊन फुटतात. कुत्र्याच्या रक्तपेशींत या क्रियेस तोंड देण्याची शक्ती आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. कांदा शिजविला, तळिला अथवा वाळविला तरी हा गुण जात नाही. उलट वाळवून कुटलेल्या कांद्यात पाणी उडून गेल्यामुळे तो कित्येक पटींनी घट्ट होतो. कोल्हापूर-सांगलीकडील वर्षाचा कांदा-लसूण मसाला कशाचा बनतो हे सांगण्याची गरज नाही.

एका वेळी वजनाच्या शेकडा अर्ध्याहून अधिक कांदा पोटात गेल्यास बाधा होते असा अनुभव आहे. वीस किलोंच्या कुत्र्यास हे प्रमाण १०० ग्रॅम, म्हणजे बेताचा एक कांदा. दहा माणसांच्या रश्श्यास वाटणासह अर्धा किलो कांदा सहज लागतो. त्यातील चौथाई रस्सा तळाच्या वाटणासकट कुत्र्यापुढे गेला की प्रमाण ओलांडले. कित्येकजण “त्याला तिखट नको” म्हणून आळणी रस्सा घालतात. पण आळणीतही कांदा-लसूण असतोच, त्यात उणे असते ते तिखट. थोडा थोडा कांदा रोज पोटात जात राहिल्यानेही हाच परिणाम साचून होतो. लक्षणे त्याच दिवशी दिसत नाहीत. बहुधा तीन ते पाच दिवसांनी कुत्रा धापा टाकू लागतो, थोडे धावला की बसतो, हिरड्या पांढुरक्या अथवा पिवळट होतात आणि लघवी तांबूस-काळसर येते. येथे एक अडचण आहे. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही हिरड्या अशाच फिक्या पडतात व त्याच्या एका प्रकारात लघवीही तांबडी होते; तसेच उंदरांच्या मुतापासून होणाऱ्या लेप्टोच्या रोगात द्राक्षाच्या बाधेप्रमाणे मूत्रपिंडे बिघडतात. म्हणूनच गेल्या आठवड्यात कुत्र्याने काय खाल्ले हे पशुवैद्यास मालकाने आपण होऊन सांगावे.

ओघात आलेच आहे म्हणून सांगतो: भाव पडले की टाकाऊ कांदा गुरांपुढे लोटण्याची चाल नाशिक व नगरकडे आहे. कांद्याने गुरांसही हाच रक्तक्षय होतो, व मेंढी-बकरीपेक्षा गाय-बैल अधिक लवकर बळी पडतात. गुरांस कांदा घालणे भागच असेल तर तो चिरून इतर वैरणीत मिसळावा, आणि एकंदर खाद्याच्या सुक्या वजनाच्या चौथाईपेक्षा तो कमी राहील अशी खबरदारी घ्यावी.

हाडांविषयी लोकांची समजूत अशी की, कुत्र्याचे हाड म्हणजे बैलाची कडबी. कच्चे हाड चावता चावता भुगा होते. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिरफळ्या निघतात. त्या अन्ननलिकेत अडकतात, आतडे फाडतात, किंवा त्यांचा चुरा पुढे दगडासारखा साचून शौचास अडते. कोंबडीची लांब हाडे या दृष्टीने फार वाईट. मक्याचे खाल्लेले कणीस व उन्हाळ्यात आंब्याची कोय हीही गिळली असता आतड्यात बुचाप्रमाणे बसतात, आणि मग शस्त्रक्रियेवाचून उपाय राहत नाही. घशात हाड अडकल्यासारखा कुत्रा तोंड वासून लाळ गाळीत असेल तर मात्र त्याच्या तोंडात एकदम हात घालू नये. पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडा व घसा लुळा पडला असता तोही अगदी असाच दिसतो, आणि हाड काढावयास गेलेल्या माणसाचा जीव त्यापायी गेला असा प्रसंग ओढवू शकतो. अशा वेळी कुत्रा अडकवून ठेवून पशुवैद्यास बोलवावे. लाळ अंगास लागलीच असेल तर ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून तत्काळ लसीसाठी दवाखाना गाठावा.

चरबी हा स्वतः विषारी पदार्थ नव्हे, परंतु एरवी भाकरीवर राहणाऱ्या कुत्र्यास एकाच दिवशी पुऱ्यांचे तळण, तूप आणि मटणाची चरबी भरपूर मिळाली तर स्वादुपिंडास सूज येते. कुत्रा सारखा ओकतो, आणि पोटाच्या कळेमुळे पुढचे पाय जमिनीस टेकून मागचा भाग उंच धरून उभा राहतो. हा पवित्रा एकदा पाहिला की विसरत नाही. बासुंदी-खिरीने बहुधा ढाळ लागण्यापलीकडे काही होत नाही, अर्थात तीत बेदाणा नसेल तर. पुरणातील जायफळाविषयी अलीकडे जी भीती घातली जाते ती मला वृथा वाटते. अख्खी जायफळे खाल्ली तर गोष्ट निराळी, पण किसून घातलेल्या चिमटीने पोळी विषारी होत नाही.

चॉकलेट व कोको यांचे तसे नाही. त्यांतील थिओब्रोमीन नावाचे द्रव्य माणसाचे शरीर लवकर निकालात काढते; कुत्र्यास त्यातील निम्मे बाहेर टाकण्यासच सुमारे साडेसतरा तास लागतात. वीस किलोंच्या कुत्र्यास अस्वस्थता व वांती होण्यास दुधाचे चॉकलेट पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास लागेल. पण निव्वळ कोकोची पूड १५ ग्रॅमही पुरते. अधिक गेल्यास हृदयाची गती बिघडून झटके येतात. घरी केक व कोकोच्या वड्या करणाऱ्या भगिनींनी डबा उंचावर ठेवावा. याहून कडक असा पदार्थ म्हणजे झायलिटॉल. मधुमेही माणसांसाठी साखरेविना केलेली काही मिठाई, चघळण्याच्या गोळ्या व दात घासण्याच्या काही पेस्टी यांत हे गोड द्रव्य असते. माणसास ते निरुपद्रवी; कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम सुटून अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर उतरते व कुत्रा झोकांड्या खात पडतो. वजनाच्या दर किलोस दशांश ग्रॅम एवढे त्यास पुरे होते. सर्व बिनसाखरेच्या मिठाईत हेच असते असे नाही. वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. दारू व भांग यांविषयी एवढेच सांगतो की, धुळवडीस गंमत म्हणून कुत्र्यास ती पाजणारे लोक आहेत, आणि शुद्ध हरपलेला कुत्रा ओकता ओकता गुदमरून मरतो.

जत्रा, भंडारा अथवा लग्न झाल्यावर पत्रावळींचा जो ढीग गावकुसाबाहेर पडतो, त्याचा धोका दोन-तीन दिवसांनी वाढतो. ओल्या अन्नावर चढलेल्या काही बुरशींची विषे कुत्र्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम करून अंग थरथर कापविणारे झटके आणितात. भुईमूग व मका यांवरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाव घालते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष जगाच्या नजरेस आले. ते कुत्र्यांसही तितकेच मारक आहे. यास्तव काळपट शेंगा व बुरसलेली पेंड “कुत्रे खाईल” म्हणून दाराशी टाकू नये.

आता शेजाऱ्यावरील संशयाकडे वळू. कुत्र्यास मुद्दाम विष घालण्याचे प्रकार घडत नाहीत असे नाही. परंतु फवारणीची फॉस्फरसयुक्त औषधे पोटात गेल्यास परिणाम काही मिनिटांपासून काही तासांत दिसतो: लाळेच्या धारा, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, स्नायू थरथरणे व झटके. झिंक फॉस्फाइड हे उंदरांचे औषधही असेच तासा-दोन तासांत उमटते. जो कुत्रा सणानंतर दोन-तीन दिवस हळूहळू खंगत गेला, त्याच्या बाबतीत प्रथम आपल्याच स्वयंपाकघराचा व शेडचा विचार करावा. यास एक अपवाद आहे. रक्त गोठू न देणारी जी उंदीरमार औषधे मिळतात त्यांचा परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसतो. कुत्र्याच्या नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाते. तेही बहुधा आपल्याच कोठारात ठेविलेले असते! शंका राहिल्यास मेलेल्या कुत्र्याचे शवविच्छेदन पशुवैद्याकडून करवून घ्यावे. मूत्रपिंडे, यकृत व पोटातील अन्न पाहून पुष्कळ गोष्टींचा निकाल लागतो आणि फुकाचे वैर टळते.

घातक पदार्थ खाल्ल्याचे प्रत्यक्ष पाहिले असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या दोन तासांत पशुवैद्याने वांती करविल्यास पुष्कळसे विष बाहेर पडते. बेदाणा पोटात बराच काळ राहत असल्यामुळे त्यानंतरही प्रयत्न करून पाहतात. मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी शिरेतून सलाईन दोन दिवस चालवावे लागते, आणि ते मूत्रपिंडे बिघडण्यापूर्वी सुरू झाले तर बहुतेक कुत्री वाचतात. घरी मिठाचे पाणी पाजून ओकविण्याचा उपाय करू नये. त्याने रक्तातील मीठ वाढून मेंदूस इजा होते. तेल-तूप नरड्यात ओतल्यास ते फुप्फुसात उतरते. दूध हा यांपैकी कशावरही उतारा नव्हे. कुत्र्याचे अदमासे वजन, खाल्लेला पदार्थ, त्याचे प्रमाण व वेळ या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. वेष्टन किंवा वांतीचा नमुना असल्यास तोही डबीत घालून न्यावा. दुखण्याने कावलेला कुत्रा धन्यासही चावतो, तेव्हा नेतेवेळी तोंडास मऊ पट्टीचे मुसके बांधावे. मात्र तो ओकत असेल किंवा धापा टाकीत असेल तर बांधू नये. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळ नसेल तर १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून सल्ला विचारावा. अवघड रोगी असेल तर शिरवळ अथवा परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे.

या सर्वांपेक्षा सोपे काम म्हणजे सणाच्या दिवशी कुत्र्याचे ताट अगोदर काढणे होय. पंगत बसण्यापूर्वीच त्याचे पोट भरले असले म्हणजे तो पत्रावळींत तोंड घालीत हिंडत नाही. पुरणासाठी शिजविलेली हरभऱ्याची डाळ, गूळ पडण्यापूर्वी पळीभर काढून भातात अथवा भाकरीत कालवावी. धुळवडीस मटण शिजत घालतेवेळी कांदा-लसूण घालण्याआधी चार फोडी निराळ्या भांड्यात नुसत्या पाण्यात उकडाव्या व हाड काढून द्याव्या. उकडलेले अंडेही चालते. भांडेभर स्वच्छ पाणी जवळ असावे. पाहुण्यांच्या मुलांना मात्र सकाळीच सांगून ठेवावे, कारण कुत्र्यास बेदाणा व चॉकलेट चारण्याचे काम बहुधा तीच हौसेने करितात. पंगत उठल्यावर हाडे व रश्श्याचा गाळ उकिरड्यावर न टाकता खड्ड्यात पुरावा. हा खड्डा निदान दोन हात खोल असावा व माती लोटल्यावर त्यावर दगड ठेवावेत. वीतभर मातीखालचे हाड कुत्रा एका रात्रीत उकरून काढतो.